स्वतःहून ब्रेक मारणारी गाडी

दादाच्या नव्या गाडीत मी पहिल्यांदा बसले तेव्हा पांढुर्ण्याच्या बाहेर पडल्या पडल्या स्टिअरिंग त्याच्या हातात थरथरलं. मला वाटलं, चाकाचं काहीतरी बिघडलं.

"काही नाई बिघडलं," दादा म्हणाला. "चाक रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेलं म्हून सांगून राहिली. मास्तरीण आहे ते."

आणि माझ्याकडे पाहून हसला, कारण मास्तरीण मी आहे. सौंसरच्या शाळेत गणित शिकवते. माहेर पांढुर्णा, सासर सौंसर, त्यामुळे हा मधला रस्ता मी आयुष्यभर तुडवत आले आहे. आधी बसने, मग नवऱ्याच्या मोटरसायकलवर आणि आता माझ्या जुन्या छोट्या गाडीने. खड्डे कुठे आहेत, कपाशीच्या दिवसांत ट्रॉल्या कुठे आडव्या येतात, हे मला पाठ आहे.

दादाचं पांढुर्ण्यात मोटरपंपाचं दुकान आहे. माल आणायला दुकानाची पिकअप होती, घरी एक साधी गाडी होती, पण त्याला वेगाची हौस लहानपणापासून. वडिलांच्या जीपला तो उतारावर न्यूट्रलमध्ये सोडायचा आणि मार खायचा. मुलगी शिकून पुण्याला नोकरीला लागली तेव्हा वहिनीच म्हणाल्या, "घ्या आता एकदाची. नाहीतर म्हातारपणी मले बोलसान." मग नागपूरहून ही आली. बुटकी, राखाडी, टर्बो इंजिनाची. बसायला वाकावं लागे आणि उठायला कुणाचा तरी हात लागे. पण पेडल दाबलं की पाठ सीटला चिकटायची. पन्नाशी ओलांडलेला माझा भाऊ अशा वेळी दात न दाखवता हसायचा.

त्या गाडीत वेगाइतकीच सांभाळायची व्यवस्थाही भरलेली होती. काचेमागे कॅमेरा, पुढच्या जाळीत रडार. समोर काही आलं आणि चालकाने ब्रेक मारला नाही तर गाडी स्वतः मारायची. पट्टा ओलांडला तर स्टिअरिंग थरथरवून मागे ओढायची. क्रूझ लावलं की पुढच्या गाडीपासून अंतर राखून आपणच हळू किंवा जोरात व्हायची. मला हे सगळं फार शहाणपणाचं वाटलं. दादाला तो अपमान वाटायचा.

"तीस वर्ष झाली मले चालवून. एक चरा नाई पडला. आणि हे कालची पोरगी मले शिकवून राहिली?"

पांढुर्ण्याच्या बाजारात तर गाडीचा जीव नुसता टांगणीला लागायचा. डावीकडून सायकल आली, टीं. समोर गाय बसली, टीं टीं. भाजीवाल्याचा हातठेला वळला की डॅशबोर्डवर लाल चित्र. दुकानापासून घरापर्यंत यायला जितका वेळ लागे, तितका वेळ ती ओरडत असे. मग दादाने बटणं शोधून काढली. पण गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की सगळं पुन्हा चालू व्हायचं. त्यामुळे निघण्याआधी तो रोज एक बटण दाबायचा, दुसरं दाबून धरायचा, पडद्यावर दोनदा बोट फिरवायचा. वहिनी पायरीवर उभ्या राहून म्हणायच्या, "झाली का पूजा? आता नारळ फोडू का?"

दादा मला गाडी चालवायला द्यायचा, हे मान्य केलं पाहिजे. पुष्कळ भाऊ देत नाहीत. पहिल्या वेळी मी सगळ्या सोयी चालू ठेवून चालवली आणि मला बरं वाटलं. माझ्या जुन्या गाडीत सौंसरहून येताना खांदे भरून यायचे. इथे समोरच्या ट्रकमागे ती आपणच शिस्तीत चालायची. मला फक्त हात ठेवून बसायचं. मी दादाला म्हटलं, "तू उगाच तिच्या नावानं बोटं मोडतोस. किती समजदार आहे."

तो म्हणाला, "आहे ना समजदार. आपला रस्ता पाहून नाही शिकली पण."

त्याचं म्हणणं मला थोड्याच दिवसांत पटलं, निम्मं तरी. हिवाळा होता, संत्र्याचा बहार तोडणीला आलेला. मी चालवत होते, दादा शेजारी. रस्ता मोकळा, वेगही बरा होता. एक मोटरसायकलवाला दुधाचे कॅन लटकवून डावीकडच्या शेताच्या पांदणीतून आला आणि आमच्या पुढून तिरपा निघून गेला. आपल्याकडे असं रोजच होतं. आपण पाय हलका करतो, तो जातो, आपण पुन्हा पाय ठेवतो. मीही पाय हलका केलाच होता. पण गाडीला तो धडकतोय असं वाटलं असावं. तिने असा ब्रेक मारला की माझा सीटबेल्ट छातीत रुतला आणि दादाचा मोबाईल उडून काचेवर आपटला. मोटरसायकलवाला केव्हाच पलीकडे गेला होता, आणि आम्ही रिकाम्या रस्त्यात मधोमध उभे.

मागे संत्र्याच्या क्रेटांनी भरलेली पिकअप होती. तिचे टायर किंचाळलेले मी ऐकले आणि डोळे मिटून घेतले. ती आमच्या मागे टेकल्यासारखीच थांबली. वरचं एक क्रेट घसरून आमच्या डिकीवर फुटलं, संत्री रस्ताभर झाली. चालक उतरून धावत आला.

"काय झालं बाई? काहून थांबल्या? कोनी मेलं का समोर?"

मी काच खाली केली. काय सांगणार? म्हटलं, "मी नाही मारला ब्रेक. गाडीनं मारला."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. "गाडीनं मारला," तो सावकाश म्हणाला. "मग उतरा तुमी खाली. गाडीशीच बोलतो."

दादा उतरला आणि हसत हसत त्याला संत्री गोळा करायला मदत करू लागला. मीही उतरले. फुटलेल्या क्रेटची भरपाई दादाने देऊ केली तेव्हा त्या माणसाने नको म्हटलं आणि वर आम्हालाच चार संत्री दिली. गाडीत बसल्यावर दादा इतका खूश होता की सौंसर येईपर्यंत तेच बोलत होता. "पाह्यलं? पाह्यलं ना तुह्या समजदार गाडीचं?"

पट्ट्याच्या थरथरीचंही असंच. आपल्याकडे लोक रस्त्याच्या कडेला तूर, सोयाबीन वाळत घालतात. त्याला वळसा घालायला गेलं की स्टिअरिंग हाताला विरोध करायचं. तो विरोध फार नसायचा, पण ऐन वेळी दचकायला होई. इंडिकेटर दिला की ती अडवत नसे. म्हणजे खड्डा आला की आधी इंडिकेटर द्यायचा आणि मग खड्डा चुकवायचा. दादा म्हणायचा, मागच्याला वाटते आपण शेतातच वळून राहिलो.

पण दुसरी बाजूही मी लवकरच पाहिली. महिनाभराने असेल. आम्ही मामाकडचं हळदीकुंकू आटोपून पांढुर्ण्याला परत येत होतो. दादाने स्पोर्टचं बटण दाबलं होतं आणि चाकं घसरू न देणारी सोयही बंद केली होती. ती चालू असली की वळणावर गाडी आपला जोर आपणच कमी करते, आणि तो जोर पूर्ण हवा असेल तर ती काढून टाकावी लागते, असं त्याने मला समजावून सांगितलं. नाल्याच्या पुलाआधी एक डावं वळण आहे. रस्त्याच्या कामाची बारीक गिट्टी त्यावर सांडली होती. गाडीचा मागचा भाग माझ्या डोळ्यांदेखत पुढे यायला निघाला. आधी शेत दिसलं, मग आम्ही आलो तो रस्ता, मग धूळ. थांबलो तेव्हा तोंड पुन्हा पांढुर्ण्याकडेच होतं, आणि पुलाचा कठडा माझ्या बाजूच्या दारापासून हातभर होता.

दादाने दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले होते. मग त्याने हात लांब करून चाकं घसरू न देणारं ते बटण परत दाबलं. पडद्यावरचं पिवळं चिन्ह विझलं.

"तुह्या वहिनीला नको सांगू," तो म्हणाला.

मी सांगितलं नाही. पण त्यानंतर त्याने निदान त्या एका बटणाला हात लावला नाही. टीं टीं करणाऱ्या बाकीच्या गोष्टी मात्र रोज बंद होतच राहिल्या.

आता ज्या दिवसाचं सांगायचं आहे, तो. वहिनी लेकीकडे पुण्याला गेल्या होत्या. दादाला नागपूरहून पंपाचे सुटे भाग आणायचे होते, मला डोळे तपासायचे होते, म्हणून सकाळी तो पांढुर्ण्याहून मला घ्यायला आला आणि आम्ही एकत्रच गेलो. त्या दिवशी संकष्टी होती. दादाला मधुमेह आहे, रोज साखरेची गोळी असते. ती त्याने सकाळी घेतली आणि उपास म्हणून दोन केळी खाल्ली. दुकानदाराकडे त्याला उशीर लागला, माझ्या डॉक्टरकडेही गर्दी होती. मी विचारलं, "काही खाशील का?" तर म्हणाला, "आता चंद्र पाहूनच."

डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले होते. ज्यांनी ते घेतले असतील त्यांना माहीत आहे, मग दुपारचं ऊन सुईसारखं टोचतं आणि जवळचं सगळं पुसट होतं. मी काळा चष्मा लावून, सीट मागे करून डोळे मिटून पडले. सावनेर मागे पडलं तेव्हा म्हटलं, "दादा, रस्ता चांगला आहे, ते क्रूझ लाव ना. मला झटके नको." तो कुरकुरला, पण माझ्या डोळ्यांकडे पाहून त्याने लावलं. पट्ट्याची सोयही तशीच राहू दिली.

गाडी फार छान चालली होती. एका लयीत, पाळण्यासारखी. दादा थोडा वेळ दुकानदाराबद्दल बोलत होता, नंतर गप्प झाला. मला वाटलं, मला झोप लागावी म्हणून गप्प आहे. मधेच पुढे कुणी असेल, गाडी हळू झाली, पुन्हा वेगात आली. कुठेही हेलकावा नाही, कुठेही चाक डांबराखाली उतरलं नाही. दादा किती नीट चालवतोय आज, असं माझ्या मनात आलेलं मला स्पष्ट आठवतं.

मग टीं झालं. स्टिअरिंगवर हात ठेवा म्हणून ती आठवण द्यायची, ते टीं. मी डोळे न उघडताच म्हटलं, "हात ठेव ना रे." पुन्हा टीं झालं, मग सलग. मला राग आला. म्हटलं, हा हट्टाने तिला ओरडायला लावतोय. "दादा, किती खोड काढशील? डोकं दुखून राहिलं माझं."

उत्तर आलं नाही. मी त्याच्या हाताला हात लावला. तो हात माझ्या बाजूला, गिअरवर पडलेला होता. ओला होता, पाण्यात बुडवून काढल्यासारखा ओला आणि गार.

मी चष्मा काढून उठले. उजेडाने डोळ्यांत पाणी आलं. दादाचं डोकं दाराकडे कललं होतं. डोळे अर्धे उघडे, पण ते कशाकडेच पाहत नव्हते. समोर रस्ता होता आणि रस्त्याच्या डाव्या कडेला, अर्धा डांबरावर, एक मोठा पांढरा ढीग होता. कापसाची ट्रॉली. गाडी आता डावीकडे सरकत होती. तिने रस्त्याचा पट्टा धरून चालणं सोडून दिलं होतं. ओरडून ओरडून शेवटी तिने आपलं काम थांबवलं होतं, असं मला नंतर कळलं. मी स्टिअरिंगकडे हात टाकला, पण सीटबेल्टने मला मागे धरून ठेवलं. ढीग मोठा मोठा होत आला. मी "दादा" म्हणून ओरडले असेन.

आणि गाडीने ब्रेक मारला. संत्र्याच्या दिवशी मारला होता तसाच, छातीत रुतणारा. टायर किंचाळले. आमचं बॉनेट ट्रॉलीच्या मागच्या फळीपाशी थांबलं, इतकं जवळ की काचेतून कापसाशिवाय काहीच दिसेना.

मी चाचपडत पार्किंगचं बटण शोधलं आणि दाबलं. चारही दिवे लावले. मागून एक ट्रक भला मोठा हॉर्न देत आम्हाला घासल्यासारखा निघून गेला आणि अख्खी गाडी हलली. मग ट्रॉलीच्या बाजूने एक माणूस वाकून आला. त्याचे हात ग्रीसने काळे होते, एवढंच मला दिसलं; चेहरा सगळा पुसट.

"शुगर आहे त्याले," मी म्हटलं. "उपास होता. साखर पाहिजे, साखर."

तो पळत गेला. बोरगावच्या अलीकडे तिथे एक चहाची टपरी आहे. ओंजळीतून साखर घेऊनच तो परत आला; अर्धी वाटेत सांडली होती. मी दादाच्या हिरड्यांना, गालाच्या आत साखर चोळत राहिले. ट्रॉलीवरची एक बाई उतरून आपल्या लुगड्याने त्याला वारा घालू लागली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्याने तोंड हलवलं, गिळलं. आणखी साखर दिली. हळूहळू त्याची नजर माझ्यावर आली.

"गाडी काहून थांबवली?" तो म्हणाला. जीभ जड होती. "पंपाचं सामान पडन ना."

मी तिथेच रडायला लागले. त्या बाईने माझ्याही डोक्यावरून हात फिरवला.

मला गाडी चालवता येण्यासारखं नव्हतं. नवऱ्याला फोन केला. ते सौंसरहून मोटरसायकलवर आले, ती टपरीवाल्याकडे ठेवली आणि दादाची गाडी चालवत आम्हाला सौंसरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावली, साखर पुन्हा पुन्हा तपासली आणि मग रागावले. गोळी घेऊन उपास करतात का, म्हणाले. गोळीचं प्रमाण बदलेपर्यंत आणि साखर स्थिर होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. नातेवाईक येत गेले. प्रत्येकजण तेच म्हणायचा : गाडीनं वाचवलं. साधी गाडी असती तर दोघंही गेले असते. मी मान डोलवायचे, कारण ते खरंच होतं. पण दुसरी एक गोष्टही खरी होती आणि ती मला रात्रंदिवस टोचत होती. साधी गाडी असती तर दादाचं डोकं कललं तेव्हाच ती वळवळली असती. चाक खडीत गेलं असतं, मी डोळे उघडले असते, तो पूर्ण बेशुद्ध व्हायच्या आधी त्याला हलवलं असतं. या गाडीने त्याचं आजारपण माझ्यापासून झाकून ठेवलं होतं. तो केव्हापासून तसा पडला होता आणि मी शेजारी पाळण्यात झुलत होते, हे मला कधीच कळणार नाही.

हे मी फक्त दादाला सांगितलं. तो पलंगावर बसून भाकरी खात होता. बराच विचार करून म्हणाला, "मतलब, वाचवलं बी तिनंच आन लपवलं बी तिनंच."

"हाव."

"अन् मी बंद ठेवतो तो ब्रेक, त्या दिवशी चालू कसा होता?"

"माझ्या डोळ्यांमुळे. निघताना मला धरून गाडीत बसवायच्या गडबडीत तू तुझी पूजाच नाही केली."

त्याने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मी काही बोललो का गं, शेवटी?"

"दुकानदाराला शिव्या देत होतास."

"मग ठीक आहे," तो म्हणाला.

त्यानंतरचे महिने दादाला जड गेले. सुई टोचून साखर बघायची, वेळेवर खायचं आणि दारात उभी असलेली गाडी पाहायची. वहिनींनी मात्र एक गोष्ट केली जी आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नात नव्हती. त्यांनी ड्रायव्हिंगच्या क्लासात नाव घातलं. दादा म्हणाला, "आता या वयात?" वहिनी म्हणाल्या, "तुमी नाही का या वयात रेसची गाडी घेतली?" क्लासच्या ठोकलेल्या जुन्या गाडीवर त्या शिकल्या, परवाना काढला आणि एके दिवशी सरळ राखाडी गाडीत जाऊन बसल्या.

वहिनी सगळं चालू ठेवायच्या. एकही बटण बंद नाही. आणि गाडीशी बोलायच्या. टीं झालं की, "हाव बाई, दिसली मले गाय." स्टिअरिंग थरथरलं की, "आता खड्ड्यात घालू का तुले?" त्यांना तो अपमान वाटायचा नाही. घरात सासू होती तेव्हा मागून सतत कोणीतरी सांगतच होतं, त्यापुढे हे काहीच नाही, असं त्या म्हणायच्या. दादा शेजारच्या सीटवर पाय आवळून बसायचा. जिथे ब्रेक नाही तिथे त्याचा पाय ब्रेक मारायचा.

दादाला त्या ट्रॉलीच्या माणसाला भेटायचं होतं. ट्रॉलीच्या मागे कुणी उभं असतं तर, हा विचार त्याने मला कधी बोलून दाखवला नाही, पण मला माहीत होतं. टपरीवाल्याने सांगितलं, तो लोधीखेड्याकडचा. एका रविवारी वहिनींनी चालवत आम्हाला नेलं. विचारत विचारत घर सापडलं. चाळिशीचा माणूस, अंगणात फवारणीचा पंप खोलून बसला होता. मी आवाजावरून ओळखलं. चेहरा मी त्या दिवशी पाहिलाच नव्हता.

दादा त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, "त्या दिवशी तुमी कुठं होते? गाडी आली तवा?"

"मी? चाकाखाली. पंक्चर झालं होतं ना. जॅक सरकून राहिला होता त्याच्या मायले." तो आठवून म्हणाला, "मागच्या चाकाशी वाकलो होतो. टायर वाजले म्हून मान वर केली, त थे तुमची गाडी."

"घाबरले नाही?"

"घाबरायले वेळ कुठं होता? बाईनं साखर मांगतली." मग त्याने राखाडी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खालून पाहिलं. "लयच खाली आहे. आपल्या रस्त्यानं चालते का? एव्हरेज किती देते?"

दादाने खरं ते सांगितलं. तो माणूस हळहळला. म्हणाला, "एवढं पेट्रोल पेते त मंग ब्रेक त मारलाच पाह्यजे तिनं."

दादा हसायला लागला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. त्या माणसाच्या बायकोने चहा केला, दादासाठी बिनसाखरेचा. निघताना दादाने पंपाकडे पाहिलं, त्याचा वॉशर गेलेला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने दुकानातून नवा पाठवला.

उन्हाळा सरत आला तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिली. दादाने सुरुवात राखाडी गाडीने केली नाही, दुकानाच्या जुन्या पिकअपने केली. म्हणाला, आधी हिच्यावर हात बसवतो. आणि दुकानामागे रिव्हर्स घेताना पाइपांच्या थप्पीवर धाडकन नेऊन आदळली. कामगार धावत आले. दादा खाली उतरून वाकलेला बंपर पाहत राहिला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मला फोनवर त्याने स्वतः सांगितलं. "टीं वाजनच आता, वाजनच आता, असं वाटत होतं. वाजलंच नाही. इतके दिवस शेजारी बसून कानाले सवय पडली ना."

मी हसले नाही. माझ्या जुन्या गाडीत बसल्यावर मलाही हल्ली तसंच होतं, ट्रकच्या मागे जरा जास्तच निवांत बसते; मग माझं मलाच दटावते. आपल्याऐवजी कुणी पाहत असलं की आपण पाहणं कमी करतो. वर्गातसुद्धा हेच आहे. उत्तर फळ्यावर लिहिलं की कुणी गणित करत नाही. पण म्हणून फळाच काढून टाकायचा का, याचं उत्तर मला देता येत नाही.

आता दादाचं आणि वहिनींचं एक ठरलं आहे. पट्ट्याची थरथर गावात बंद, मोठ्या रस्त्यावर चालू. क्रूझ फक्त शेजारी कुणी जागं असलं तर. ब्रेकच्या सोयीला हात लावायचा नाही. ती कधीमधी उगाच ब्रेक मारणार, म्हणून मागच्याला अंगावर येऊ द्यायचं नाही, कुणी चिकटून आलं तर पुढे जाऊ द्यायचं. धुळीने काचेवरचा कॅमेरा आंधळा होतो आणि गाडी तसं लिहून दाखवते, तेव्हा दादा थांबून फडक्याने पुसतो. स्पोर्टचं बटण तो अजून दाबतो, सकाळी, रस्ता रिकामा असताना. वहिनींना ते माहीत आहे.

परवा तो पहिल्यांदा एकटा माझ्याकडे आला. दुपारची वेळ होती. त्याने जेवणाआधी टेबलावर डबी उघडली, बोटाला सुई टोचली, आकडा पाहिला आणि मला दाखवला. बरा होता. मी पिठलं-भाकरी वाढली. जेवून, थोडा लवंडून तो निघाला. मी म्हटलं, "वाटेत फोन नाही करत, पोचल्यावर तूच कर."

"करतो ना. काहून टेंशन घेतं?" तो वाकून आत बसला, दार लावलं आणि गल्लीच्या तोंडाशी थांबून दोन्ही बाजू नीट पाहून मगच वळला.

मी मुलांचे पेपर तपासायला बसले. अर्धे झाले असतील-नसतील, फोन वाजला.

"पोचलो," दादा म्हणाला. "तुही वहिनी विचारते, पिठलं कसं करते म्हून."